दोन अक्षरांची तक्रार

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादकांचा आग्रह दरवर्षी होतो आणि दरवर्षी मी लसीकरण, कुपोषण किंवा मुलांचा ताप यांपैकी एखाद्या विषयावर चार पाने लिहून मोकळा होतो. यंदाचा विषय थोडा निराळा आहे. हा लेख एका जुन्या कॅमेऱ्याच्या आजारपणाविषयी आहे. रुग्ण यंत्र असले तरी त्याच्या निदानात झालेली चूक माणसाची होती, आणि त्या जातीची चूक आपण सारेच आपापल्या दवाखान्यात अधूनमधून करीत असतो. म्हणून डॉक्टरांच्या स्मरणिकेत तो अगदीच अस्थानी ठरणार नाही, अशी आशा आहे.

कॅमेरा आमच्या सरांचा. आपल्या संस्थेच्या जुन्या सभासदांना नुसते ‘सर’ म्हटले की अधिक काही सांगावे लागत नाही. बालरोगशास्त्रात मी जे काही शिकलो त्यातील मोठा भाग त्यांच्या मागे वॉर्डात फिरताना शिकलो. २०२२ साली सर गेले. पुढच्या वर्षी दिवाळीच्या साफसफाईत काकूंनी मला बोलावून एक कातडी पिशवी हातात ठेवली. म्हणाल्या, ‘‘तुला याची आवड आहे, तूच ने. चालत मात्र नाही हो. बॅटऱ्या खातो, असे हे नेहमी म्हणायचे.’’

पिशवीत एका जपानी कंपनीचा १९८७ सालचा कॅमेरा होता. कंपनीचे नाव मुद्दामच देत नाही. पस्तीस वर्षांहून अधिक काळ सेवा केलेल्या यंत्राच्या म्हातारपणाचा दोष जन्मदात्याच्या माथी मारणे बरे नव्हे. सरांच्या मेहुण्यांनी तो १९८८ साली अमेरिकेहून आणला होता. संगणकावरून भिंतीवर चित्रे दाखविण्याची सोय येण्यापूर्वी परिषदांमधून ३५ मिलिमीटरच्या स्लाइड्स प्रोजेक्टरमध्ये घालून व्याख्याने होत असत. गोवराचे पुरळ, मुडदुशीने वाकलेले पाय, सुकटीचे मूल, अशा कितीतरी स्लाइड्स सरांनी याच कॅमेऱ्याने काढल्या आणि त्यांवर आमच्या पिढ्या शिकल्या. संस्थेच्या सहली आणि गणेशोत्सवही याच भिंगातून टिपले गेले.

पिशवीच्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या डबीत सहा बॅटऱ्या होत्या. प्रत्येकीवर सरांच्या सुबक अक्षरात चिकटपट्टी लावलेली: ‘संपली’. कॅमेऱ्याच्या पाठीवरील छोट्या खिडकीतून पाहिले तर आत फिल्मचे डबडे दिसत होते. मी नवी बॅटरी घालून कॅमेरा सुरू केला. वरच्या पडदीवर आकडा उमटला, २७. म्हणजे ३६ चित्रांच्या फिल्मवर २६ छायाचित्रे घेऊन झाली होती आणि सर ती धुवायला द्यायचे राहून गेले होते. बटण दाबले. आतून आरसा उचलला गेल्याचा आवाज आला, पण पडदा सरकल्याची ओळखीची खटक काही ऐकू आली नाही. आकडा गेला आणि त्याच्या जागी इंग्रजी ‘बी-सी’ ही दोन अक्षरे लुकलुकू लागली. बॅटरी तपासा, असा त्यांचा अर्थ.

येथे थोडे मागे जावे लागेल. माझ्या लहानपणी धुळ्याला आमच्या घरी बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री होता. उटीच्या सरकारी कारखान्यातील ‘इंदू’ फिल्म त्यात घालायची आणि बारा चौकोनी चित्रे काढायची. त्या बिचाऱ्याला बॅटरी नव्हती, मोटर नव्हती आणि तक्रार करण्यासाठी तोंडही नव्हते. चूक झाली की नाही ते आठवड्याने फिल्म धुऊन आल्यावरच कळायचे. १९८५ साली मिनोल्टा ७००० हा आपोआप फोकस जुळविणारा कॅमेरा आला आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत बहुतेक जपानी कंपन्यांनी कॅमेऱ्याच्या पोटात मोटरी आणि लहानसा संगणक बसविला. यंत्र आता बोलू लागले, परंतु त्याच्या पडदीवर दोन-तीन अक्षरांहून अधिक जागा नव्हती. ही भाषा काही ठिकाणी अगदी नेमकी होती. निकॉनच्या त्या काळातील काही कॅमेऱ्यांवर ‘एफ-ई-ई’ ही अक्षरे लुकलुकली की भिंगावरील कडे सर्वांत लहान छिद्राच्या खुणेवर नाही, एवढाच अर्थ. कडे फिरवा, तक्रार संपली. ‘बी-सी’चे तसे नव्हते. आतील संगणकाला एवढेच कळते, की आपण हुकूम दिला आणि ठरलेली हालचाल ठरल्या वेळेत पूर्ण झाली नाही. कारण त्याला दिसत नाही. बळ कमी पडले असावे असे गृहीत धरून तो बॅटरीकडे बोट दाखवितो. वर्षाच्या आतले मूल पोट दुखले तरी रडते, कान दुखला तरी रडते आणि भूक लागली तरी रडते. रडणे खरे असते. त्याचा अर्थ मात्र आपण लावलेला असतो.

मी रीतसर तपासणी सुरू केली. संदेश बॅटरीचे नाव घेतो तर तपासाची सुरुवात तिच्यापासूनच व्हायला हवी. या कॅमेऱ्याला ६ व्होल्टची ‘२सीआर५’ जातीची लिथियम बॅटरी लागते. दुकानातील ‘नवी’ बॅटरीही फळीवर वर्षानुवर्षे पडलेली असू शकते, म्हणून तिच्यावरील मुदत पाहिली. मीटरवर दाब ६ व्होल्टहून थोडा अधिक दाखवीत होता. निवांत असताना दाब ठीक दिसणारी बॅटरी मोटर फिरविण्याचा ताण आला की मान टाकते, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. आपण स्वस्थ बसलेल्या माणसाच्या हृदयालेखावर संतुष्ट न राहता त्याला पट्ट्यावर चालवितो, ते याचसाठी. त्यामुळे आणखी एक ताजी बॅटरी दुसऱ्या दुकानातून आणली. संदेश तोच. मग बॅटरीच्या खणातील धातूच्या पट्ट्या स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या. संदेश तोच.

पुढची पायरी भिंगाची. या जातीच्या भिंगात छिद्र लहान-मोठे करण्यासाठी स्वतंत्र छोटी मोटर असते. ती अडली तरी कॅमेरा हेच रडगाणे गातो. मंद उजेडात भिंग उतरविले, त्या जागी झाकण बसविले आणि पुन्हा बटण दाबले. भिंग नसतानाही संदेश तोच, म्हणजे भिंग निर्दोष. दोन संशयित सुटले. उरले शटर, म्हणजे फिल्मच्या पुढ्यात असणारा पातळ पात्यांचा पडदा. तो पाहायचा तर कॅमेऱ्याची पाठ उघडायला हवी, आणि पाठ उघडली की आतील फिल्मवर उजेड पडून सरांची २६ छायाचित्रे कायमची नष्ट होणार.

फिल्म मोटरने उलटी गुंडाळून घेण्याचे बटण या कॅमेऱ्यात आहे. बोट त्यावर ठेवले आणि मागे घेतले. इतकी वर्षे सुरतेच्या दमट हवेत एकाच जागी ताणलेली फिल्म चिकटली असेल, तर मोटरच्या ओढीने ती फाटेल. आधी अपाय करू नये, हे आपल्याला पहिल्याच वर्षी शिकविलेले असते.

मार्ग एका रेडिऑलॉजिस्ट मित्राने दिला. क्ष-किरणांची छायाचित्रे संगणकावर येऊ लागल्यापासून त्याच्या केंद्रातील अंधारखोली जुन्या फायलींचे कोठार झाली होती. ती आम्ही एका रविवारी रिकामी केली. तेथला लाल दिवा मात्र लावता येणार नव्हता. क्ष-किरणांच्या फिल्मला लाल प्रकाश कळत नाही, म्हणून तेथे तो चालतो. रंगीत फिल्मला सर्वच रंग कळतात. दाराच्या फटीला काळे कापड लावून मी मिट्ट काळोखात बसलो, पाठ उघडली, डबडे उचलले आणि त्याचा दांडा बोटांनी हळूहळू फिरवीत फिल्म आत घेतली. दोनदा ती अडली. दोनदा थांबून, किंचित सैल सोडून पुन्हा फिरविली. नवजात अर्भकाच्या नाळेतून नळी घालताना हाताला जे सांभाळावे लागते, तेच येथेही कामी आले. फिल्मचे शेवटचे टोक आत गेल्याचे बोटांना कळले तेव्हा मी दिवा लावा म्हणालो.

आता शटर पाहता आले. मुलांचे कान तपासण्याचा ओटोस्कोप मी सोबत नेला होता. उजेड आणि बहिर्गोल भिंग दोन्ही एकाच जागी. पात्यांच्या कडेला डांबरासारखा काळा, चकचकीत डाग दिसला. निदान झाले होते. पाती वेगाने येऊन आदळतात तेथे धक्का झेलण्यासाठी फेसासारख्या मऊ पदार्थाची बारीक गादी असते. वर्षांनुवर्षे उष्णता आणि हवेतील ओलावा यांनी तिचे विघटन होते आणि तिची चिकट राब बनते. ती पात्यांना लागते आणि पाती एकमेकींना धरून ठेवतात. बॅटरीत बळ भरपूर होते. पडदाच चिकटला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो असा.

मग सरांसारखा चिकित्सक माणूस सहा वेळा कसा फसला? याचे उत्तर मला त्या ‘संपलेल्या’ बॅटऱ्यांनी दिले. लायटरमध्ये वापरतात त्या पेट्रोलात कापसाची काडी जेमतेम ओलावून, दाब न देता, मी पाती पुसली. पाती कागदाहूनही पातळ असतात. जोर लावला की वाकतात. पुसायचे, बटण दाबायचे, आतून नवा काळा ओघळ आला की पुन्हा पुसायचे. तिसाव्या खेपेच्या आसपास खटक स्वच्छ ऐकू आली. मग सहज म्हणून सरांच्या डबीतील एकेक बॅटरी घालून पाहिली. सहांपैकी तीन बॅटऱ्यांवर कॅमेरा विनातक्रार चालला. चिकटपट्टीवर मृत्यूचा दाखला असलेल्या या बॅटऱ्या इतक्या वर्षांनीही जिवंत होत्या.

घडले असावे ते असे. संदेश आला की सर कॅमेरा बाजूला ठेवीत, सवडीने बाजारातून बॅटरी आणीत आणि ती घालीत. मधल्या दिवसांत पाती एखाद्या हिसक्याने आपोआप सुटत. नवी बॅटरी घातल्यावर कॅमेरा चाले आणि श्रेय बॅटरीला मिळे. उपचार चुकीचा होता, गुण मात्र येत होता. विषाणूंमुळे आलेला मुलाचा ताप तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी निघून जातो आणि दुसऱ्या दिवशी सुरू केलेले प्रतिजैविक त्याचे श्रेय घेते. पुढच्या तापाला आई तेच औषध मागते आणि आपणही ते लिहितो. मुळीच गुण न येणाऱ्या औषधाला आपण लवकर ओळखतो. योगायोगाने गुण येणारे औषध ओळखायला फार वेळ लागतो.

हे सारे मी सरांवर टीका म्हणून लिहीत नाही, कारण हाच धडा त्यांनी मला शिकविला होता. १९९५ सालची गोष्ट. मी निवासी डॉक्टर होतो. यंत्रमागावर काम करणाऱ्या एका खानदेशी कुटुंबातील दोन वर्षांचा मुलगा खोकला आणि छातीतील सुंसूं घेऊन तिसऱ्यांदा दाखल झाला होता. पहिल्या कागदावर कोणीतरी दमा लिहिले होते, दुसऱ्या वेळीही दमा लिहिले गेले आणि मीही तेच लिहिले. औषधाने दोन दिवस बरे वाटे, हा आम्हाला पुरावा वाटत होता. फेरीला सर आले. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि आईला विचारले, ‘‘ताई, पहिल्यांदा खोकला आला त्या क्षणी पोरगा काय करत होता?’’ ती अहिराणीत म्हणाली, की भावाच्या हातचे शेंगदाणे खात पळत होता आणि एकदम ठसका लागला. हे तिने आधी सांगितले नव्हते, कारण तिला कोणी विचारलेच नव्हते. सरांनी उजव्या छातीवर माझी नळी ठेवायला लावली. तेथे श्वासाचा आवाज डावीकडल्यापेक्षा कमी होता. तो मलाही ऐकू यायला हवा होता. शेंगदाणा क्ष-किरणांत दिसत नाही, म्हणून आधीच्या चित्रांनी आम्हाला निर्धास्त केले होते. मूल श्वास सोडत असताना चित्र काढले तेव्हा उजवे फुप्फुस हवा अडकून फुगलेले दिसले. दुर्बिणीने दाणा निघाला. मुलगा वाचला, पण आणखी आठवडाभर मी तोच कागद पुढे चालविला असता तर काय झाले असते, हा विचार अजूनही मला सोडत नाही.

फेरी संपल्यावर सर एवढेच म्हणाले, ‘‘अरे, आपल्या आधीच्याने लिहिलेले वाचावे जरूर, पण उतरवून घेऊ नये.’’

ज्या माणसाने हे शिकविले, तो स्वतः एका पडदीवरील दोन अक्षरे सहा वेळा उतरवून घेत होता, हे पाहून प्रथम मला हसू आले आणि नंतर बरेही वाटले. चूक थोरांनाही होते, हे कळणे शिष्याला फार आधार देते.

आता फिल्मविषयी. सुरतेत अशा जुन्या फिल्मचे काम करणारे मला कोणी मिळाले नाही, म्हणून ती मुंबईच्या एका जाणकाराकडे पाठविली. उष्ण हवेत पडून राहिलेल्या फिल्मवरील न धुतलेले चित्र हळूहळू विरते आणि तिच्यावर धुके चढते. रंगांवर तर भरवसाच उरत नाही. त्याच्या सल्ल्याने ती कृष्णधवल रसायनात धुतली. २६ पैकी १९ चित्रे ओळखण्याइतकी निघाली.

ती पाहताच मला तारीख सांगावी लागली नाही. ऑगस्ट २००६. आपल्या खानदेशातून वाहत येणारी तापी तेव्हा कशी आली होती, हे त्या वेळी येथे असलेल्या कोणाला सांगायला नको. शहरापासून सुमारे १०० किलोमीटरवरील उकाई धरणातून ९ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटले आणि ७ ऑगस्टपासून शहराचा बहुतांश भाग पाण्यात गेला. अडाजण-रांदेरकडे माणसे गच्चीवर अडकली होती. पाणी ओसरल्यावर चिखल, मेलेली जनावरे आणि आजारांची भीती. बारा वर्षांपूर्वीची, १९९४ सालच्या प्लेगची आठवण सर्वांच्या मनात ताजी होती. आपल्या सभासदांनी एका शाळेच्या ओवरीत मदत केंद्र चालविले होते. त्या केंद्राचे एकही छायाचित्र संस्थेकडे नव्हते. जी होती ती ज्यांच्या घरी होती त्यांच्याच घरात पुराचे पाणी शिरले होते. ही १९ चित्रे त्या केंद्राची आहेत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बाकावर उभे असलेले आपले एक माजी अध्यक्ष, बादलीत जलसंजीवनी ढवळणाऱ्या भगिनी, रांगेतील माणसे, आईच्या कडेवरून कॅमेऱ्याकडे रोखून पाहणारे मूल. सर अर्थातच एकाही चित्रात नाहीत.

आणखी एक गोष्ट त्या पट्टीवर दिसली. पहिली पंधरा-सोळा चित्रे चौकटीच्या चारही कडांपर्यंत पूर्ण आहेत. त्यानंतर प्रत्येकाची एक कड काळी होऊ लागते. आधी बोटभर, पुढे जवळजवळ तिसरा हिस्सा. पडदा वेळेवर उघडत नव्हता, त्याची ही लेखी नोंद. दुखणे संदेशाच्या आधीपासून होते आणि पुरावा कॅमेऱ्याच्याच पोटात होता. ती फिल्म तेव्हा धुतली गेली असती तर सरांना निदान करायला एक मिनिटही लागले नसते. पण २००६ च्या त्या पावसाळ्यात फिल्म धुवायला कोणाला सवड होती?

माझ्या साफसफाईने आलेला गुण महिनाभरच टिकला. मूळ गादी आत तशीच असल्याने राब पुन्हा पात्यांवर आली. शेवटी मुंबईतील एका वयोवृद्ध कारागिराने शटर खोलून ती कुजलेली गादी खरवडून काढली आणि नवी बसविली. त्यानंतर आजतागायत ती दोन अक्षरे दिसलेली नाहीत.

आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात असे कॅमेरे पडून असतील. त्यांच्यासाठी चार शब्द. ठेवून देताना बॅटरी बाहेर काढावी. पावसाळ्यात कातडी पिशवीत ठेवू नये, भिंगाला बुरशी धरते. घट्ट डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवावे. महिन्याकाठी पाच-दहा वेळा बटण दाबावे. आणि आत फिल्म आहे का, ते खिडकीतून पाहिल्यावाचून पाठ मुळीच उघडू नये.

या लेखासोबत त्या फिल्मवरील दोन छायाचित्रे छापली आहेत. दुसऱ्या चित्राची काळी कड कापू का, असे संपादकांनी विचारले होते. कापू नका, असे मी सांगितले. त्यातील कडेवरचे मूल आता विशीच्या घरात असेल. त्याची किंवा त्याच्या आईची कोणाला ओळख पटली तर कृपया संस्थेला कळवावे. त्यांची प्रत मी काढून ठेवली आहे.